वाढलेल्या पाणीबिलाचा माग

पाण्याचं बिल अचानक दुप्पट आलं की सोसायटीतून पहिला फोन प्लंबरला जातो. तो येतो, चार-दोन नळांचे वॉशर बदलतो, एखाद्या बाथरूमची फरशी उकरायला सांगतो, आणि पुढचं बिल पुन्हा तेवढंच येतं. यात प्लंबरचा दोष नसतो. त्याला कुठे शोधायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. ठिबकणारा नळ दिसतो आणि रात्री त्याचा आवाजही येतो, म्हणून संशय पहिल्यांदा त्याच्यावर जातो. पण सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसभरात साधारण वीस लिटर पाणी घालवतो. महिन्याचे झाले सहाशे लिटर. बिलावरचं एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर. ठिबकणारा नळ दुरुस्त करायलाच हवा, पण बिल दुप्पट करण्याइतकं पाणी त्याच्यातून जातच नाही. ज्या गळतीनं बिल वाढतं ती बहुधा दिसत नाही, ओल धरत नाही आणि आवाजही करत नाही. तिचा माग आकड्यांनीच काढावा लागतो.

त्यासाठी आधी आपला नेहमीचा वापर माहीत हवा. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांत माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचं सरकारी माप आहे. चार माणसांच्या घराला या हिशोबानं दिवसाला ५४० लिटर, म्हणजे महिन्याला सोळा युनिटांच्या आसपास पाणी लागतं. अशा वीस घरांच्या इमारतीचं बिल सव्वातीनशे युनिटांच्या जवळपास यावं. ते साडेतीनशे आलं तर फारसं बिघडलेलं नाही. ते सहाशे आलं तर मात्र रोज नऊ-दहा हजार लिटर पाणी कुठेतरी जातंय, किंवा कागदावर तरी जातंय.

कागदावरची शक्यता आधी तपासावी, कारण तिला खर्च नाही. बिल किती दिवसांचं आहे ते पाहावं. मागचं बिल साठ दिवसांचं आणि हे नव्वद दिवसांचं असेल तर वाढ आपोआप दिसेल. मागच्या बिलांवर ‘सरासरी’ असा शेरा आहे का? मीटर बंद असला, खड्ड्यात पाणी साचलेलं असलं किंवा मीटरच्या पेटीला कुलूप असलं की वाचन न घेता सरासरीनं बिल काढतात. मग कधीतरी प्रत्यक्ष वाचन होतं आणि अनेक महिन्यांचा राहिलेला फरक एकाच बिलात येऊन पडतो. थकबाकी आणि विलंब आकार वेगळे काढून फक्त चालू वापराचे युनिट मोजावेत. तळमजल्यावर दुकान किंवा दवाखाना असेल तर संपूर्ण जोडणीला बिगर-घरगुती दर तर लागला नाही ना, हेही बघावं. शेजारी-शेजारी असलेल्या दोन बंगल्यांच्या मीटरचे क्रमांक नोंदीत अदलाबदल झालेले असू शकतात. म्हणून बिलावरचा क्रमांक प्रत्यक्ष मीटरवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा.

या टप्प्यावर दराची रचना समजून घेणं फार महत्त्वाचं आहे, कारण बिल वापराच्या प्रमाणात वाढत नाही. मुंबईत घरगुती पाण्याला टप्प्याटप्प्यानं चढता दर आहे. माणशी दिवसाला १५० लिटरपर्यंत मूळ दर, त्यावरच्या पन्नास लिटरांना दुप्पट, पुढच्या पन्नासांना तिप्पट आणि २५० लिटरांच्या वर चौपट. समजा, एखाद्या इमारतीचा वापर माणशी १५० लिटर होता आणि गळतीमुळे तो ३०० वर गेला. वापर दुप्पट झाला, पण टप्प्यांचा हिशोब केला तर पाण्याची रक्कम चौपट होते. त्यावर मलनिःसारण आकार पाणीपट्टीच्या ७० टक्के, म्हणजे तोही त्याच पटीत वाढतो. त्यामुळे चौपट बिल बघून लोक चौपट गळती शोधू लागतात. रुपये बाजूला ठेवून युनिट बघितले तर शोध योग्य आकाराचा होतो. याच रचनेची दुसरी बाजू अशी, की महापालिकेच्या नोंदीत आपल्या जोडणीवरची घरं किंवा माणसं कमी लागली असतील तर एक थेंबही वाया न जाता आपण वरच्या दरात जाऊन बसतो. जुन्या इमारतीचा पुनर्विकास झाला, घरं वाढली आणि नोंद जुनीच राहिली, असं होऊ शकतं.

यानंतर मीटर. वाढीव बिलाचं खापर लोक मीटरवर लगेच फोडतात, पण फिरत्या चक्राचा मीटर जुना होतो तसा तो बहुधा मंद होतो, म्हणजे कमी वापर दाखवतो. नवा मीटर बसवल्यानंतर बिल वाढलं असेल तर नव्यात खोट असण्यापेक्षा जुना मीटर वर्षानुवर्षं कमी मोजत होता, ही शक्यता जास्त. वाचनातली चूक मात्र होऊ शकते. मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे किंवा लाल काटे लिटर दाखवतात. लाल आकडा काळ्यात धरला गेला तर वापर किमान दहापट होतो. मीटर स्वतः पडताळायचा असेल तर मापाचं भांडं लागतं. पाणी आलेलं असताना मीटरनंतरच्या नळाखाली दोनशे लिटरचं पिंप भरावं, तेवढ्या वेळात दुसरीकडे पाणी जाऊ देऊ नये, आणि आधीचं व नंतरचं वाचन लिहावं. नेहमीच्या प्रवाहात नव्या मीटरला दोन टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा असते. दोनशे लिटरांना मीटरनं दोनशे चाळीस दाखवले तर तक्रारीला आधार आहे.

आपल्याकडे मीटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हवा. पाणी दिवसातून दोन-तीन तासच येतं, उरलेल्या वेळात वाहिन्या रिकाम्या असतात. पाणी सुटलं की पुढची हवा मीटरमधून जोरात बाहेर ढकलली जाते आणि चक्र हवेनंही फिरतं. पाणी यायच्या वेळी मीटरपाशी उभं राहिलं तर नळाला पाणी पोचण्याआधीच काटा गरगर फिरताना दिसतो. याचं मोबाइलवर चित्रण करून ठेवावं, अर्जासोबत जोडता येतं. आणि कुणी थेट महापालिकेच्या वाहिनीला मोटर लावत असेल तर ती ताबडतोब काढून टाकावी. ते बेकायदा आहेच, शिवाय ती मोटर हवा ओढते आणि वाहिनीला कुठे भेग असली तर तिथून गटाराचं पाणीही ओढून घेते.

आता प्रत्यक्ष गळती. ‘सगळे नळ बंद करा आणि मीटर फिरतो का बघा,’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो. कराडजवळच्या मलकापूरसारख्या ठिकाणी, जिथे चोवीस तास दाबानं पाणी मिळतं, तिथे तो अगदी बरोबर आहे. मीटरच्या तबकडीवर चांदणीसारखं एक छोटं चक्र असतं. नळ बंद असताना ते हललं की मीटरच्या पुढे गळती आहे. पण बहुतेक शहरांत पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून मोटरनं गच्चीवर चढतं आणि मग घरात उतरतं. मीटर फक्त पहिल्या टप्प्यावर बसलेला असतो. घरातले सगळे नळ बंद करून रात्री मीटर पाहिला तर तो स्तब्ध दिसेल, कारण वाहिनीला पाणीच नसतं. तेवढ्यावरून ‘गळती नाही’ असं समजून लोक परत जातात. आपल्या इमारतीत हा तपास तीन तुकड्यांत करावा लागतो: मीटरपासून खालच्या टाकीपर्यंत, खालची टाकी, आणि मोटरच्या पुढचं सगळं.

कोणत्या तुकड्याकडे वळायचं हे सांगणारा एक साक्षीदार मात्र आधीपासून घरात असतो, आणि तो म्हणजे मोटरची वीज. मोटरच्या पुढे कुठेही पाणी वाया गेलं तर तेवढं पाणी वर चढवावं लागतं आणि मोटर जास्त वेळ चालते. मोटरच्या आधी वाया गेलं तर मोटरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे पाण्याचं बिल वाढलं आणि मोटरचे तास तेवढेच राहिले, तर दोष खालच्या टाकीत, तिच्या बॉल कॉकमध्ये, येणाऱ्या पाइपात किंवा मीटर-बिलात आहे. कुणाच्याही बाथरूमची फरशी उकरण्याचं कारण नाही. दोन्ही वाढले तर शोध गच्चीवरून खाली घ्यायचा. आणि मोटरचे तास वाढले पण पाण्याचं बिल तेवढंच असेल, तर मोटर थकली आहे किंवा तिच्या पुढचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बिघडला आहे आणि वर चढवलेलं पाणी पुन्हा खालच्या टाकीत उतरतंय. सामाईक लाइट बिलात लिफ्ट आणि जिन्याचे दिवेही असतात, म्हणून वॉचमनला एक वही देऊन मोटर सुरू-बंद केल्याची वेळ लिहायला सांगावी. माझ्या मते या सगळ्या तपासात या वहीइतकं उपयोगी साधन दुसरं नाही, आणि बहुतेक सोसायट्यांत तीच नसते.

पहिल्या तुकड्याची परीक्षा सोपी. पाणी आलेलं असताना खालच्या टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा. मीटर थांबायला हवा. फिरत राहिला तर मीटर आणि टाकी यांच्यामधला जमिनीतला पाइप फुटला आहे. जुने लोखंडी पाइप आलटून-पालटून ओले आणि कोरडे राहिल्यामुळे आतून लवकर गंजतात, आणि गाड्यांच्या वजनाखाली त्यांचे सांधे सुटतात.

खालच्या टाकीवर मात्र जास्त वेळ द्यावा. बॉल कॉकचं काम एवढंच, की टाकी भरली की येणारं पाणी बंद करायचं. त्याचा वॉशर झिजला, दांडी वाकली किंवा तरंगणाऱ्या गोळ्यात पाणी शिरून तो जड झाला, की टाकी भरल्यावरही पाणी येतच राहतं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून निघून जातं. मिनिटाला वीस लिटर या वेगानं रोज एक तास जरी हे झालं, तरी १,२०० लिटर, महिन्याला छत्तीस युनिट. अनेक भागांत पाणी पहाटे येतं, तेव्हा बघायला कुणी नसतं. शिवाय ओव्हरफ्लोचा पाइप बऱ्याच ठिकाणी थेट गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो, म्हणजे वाहून जाणारं पाणी कुणाच्या नजरेस पडणारच नाही अशी चोख व्यवस्था करून ठेवलेली असते. हा पाइप नेहमी उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा काढायला हवा. तो गटाराला जोडलेला असणं दुहेरी धोक्याचं आहे. पावसाळ्यात गटार तुंबलं की तेच पाणी उलट टाकीत येतं.

टाकीला भेग आहे का, हे पट्टीनं समजतं. रात्री टाकी भरली की येणारा व्हॉल्व्ह आणि मोटर दोन्ही बंद करावीत, पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी पुन्हा मोजावं. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे १२० लिटर गेले. आठ तासांत पाच सेंटिमीटर उतरली तर सहाशे लिटर, म्हणजे दिवसाला अठराशे. ही भेग केवळ पैशाची बाब नाही. टाकी भरलेली असते तेव्हा भेगेतून पाणी बाहेर जातं, टाकी रिकामी होते आणि भोवतीची जमीन ओली असते तेव्हा तेच पाणी आत येतं. शेजारून मलवाहिनी जात असेल तर घराघरांत एकाच वेळी जुलाब-उलट्या सुरू होतात. बिलाचा माग काढताना अशी भेग सापडली तर ती भरून, टाकी धुऊन आणि पाण्याची तपासणी करूनच वापर सुरू करावा.

मोटरच्या पुढच्या तुकड्यात गच्चीवरची टाकी भरून वाहते का, हे प्रथम पाहावं. त्यानंतर खाली उतरणाऱ्या नळ्या, ज्यांना प्लंबर डाऊनटेक म्हणतात. साधारणपणे एकावर एक असलेल्या बाथरूमांना एक आणि स्वयंपाकघरांना एक अशी रांगेनं डाऊनटेक लाइन असते आणि गच्चीवर प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. रात्री एक ते पहाटे चार या वेळात वापर जवळजवळ नसतो. तेव्हा अर्ध्या लाइनी बंद करून अर्धा तास टाकीची पातळी पाहावी, मग त्या उघडून दुसऱ्या अर्ध्या बंद कराव्यात. ज्या अर्ध्यात पातळी उतरते त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. आठ लाइनी असल्या तरी अशा तीन फेऱ्यांत दोषी लाइन हाती येते. तेवढ्या रात्रीपुरतं सगळ्यांना सांगून ठेवावं, एवढाच त्रास. एक लाइन सापडली म्हणजे वीस घरांऐवजी पाच घरांचं दार वाजवायचं उरतं.

त्या घरांत गेल्यावर सर्वांत आधी फ्लश टँक. आतला रबरी वॉशर कडक झाला की पाणी कमोडच्या भिंतीवरून पातळ पडद्यासारखं उतरत राहतं, दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. मिनिटाला अर्धा लिटर धरलं तरी दिवसाला ७२० लिटर, महिन्याला एकवीस-बावीस युनिट. एका घराच्या संपूर्ण वापराहून हे जास्त आहे! ओळखायला कपड्यांच्या निळीचे चार-पाच थेंब टँकमध्ये टाकावेत आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यातलं पाणी निळं झालं तर वॉशर बदलावा. माझा अनुभव असा, की घरातल्या मोठ्या गळतीचा शोध बहुतेक वेळा इथेच संपतो.

दुसरी जागा नवी आहे. आरओ शुद्धीकरण यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे अडीच-तीन लिटर पाणी टाकून देतं, हे आता अनेकांना ठाऊक आहे. पण त्याची टाकी भरल्यावर पाणी तोडणारा व्हॉल्व्ह बिघडला तर टाकाऊ पाण्याची बारीक नळी दिवसरात्र वाहत राहते, आणि ती सिंकखाली आतल्या आत सांडपाण्याला जोडलेली असते. यंत्राचा दिवा ‘टाकी भरली’ दाखवत असताना ती नळी बादलीत सोडून पाहावी. गच्चीवरच्या सोलर हीटरचे सांधे आणि हवेचा उभा पाइपही तपासावा. आणि गरम पाणी येईपर्यंत प्रत्येक घरात सकाळी सोडून दिलं जाणारं गार पाणी बादलीत धरायला सांगावं.

एवढं करूनही सापडलं नाही तर गळती भिंतीच्या किंवा फरशीच्या आत आहे. दहा मीटर उंचीच्या टाकीचा दाब असलेल्या पाइपाला दोन मिलिमीटरचं छिद्र पडलं तर त्यातून दिवसाला दोन हजार लिटरांहून जास्त पाणी जाऊ शकतं. ड्रिल मारताना पाइपाला लागलेलं टोकही एवढं करू शकतं. भिंतीला ओल आली तर नशीब, पण पाणी डक्टमध्ये किंवा जमिनीत मुरलं तर काहीच दिसत नाही. तेव्हा कान कामाला येतो. मुंबईत महापालिकेचे गळती शोधणारे कर्मचारी रात्रीच्या शांततेत लोखंडी सळईचं एक टोक जलवाहिनीला किंवा व्हॉल्व्हला टेकवतात आणि दुसरं कानाशी धरतात. दाबानं बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सूं-सूं आवाज सळईतून चढतो. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरातल्या पाइपावरही हे करता येतं. जिथे आवाज सर्वांत मोठा, तिथेच फोडायचं.

काही वेळा गळती नसतेच. इमारतीची बोअर एप्रिल-मेमध्ये आटली की बाग, गाड्या आणि फ्लशचं पाणी गुपचूप महापालिकेच्या खात्यावर येतं. कुणाच्या घरात नूतनीकरण चालू असतं, कुठे माणसं वाढलेली असतात. सेक्रेटरीनं नुसतं विचारलं तरी हे कळतं.

मीटरच्या आधीची गळती महापालिकेची आणि नंतरची ग्राहकाची, हा सर्वसाधारण नियम आहे. बिलच चुकीचं असेल तर लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, आणि सोबत रोजच्या वाचनाचा तक्ता व मीटरचे तारखेसह फोटो जोडावेत. अशा अर्जाला उत्तर देणं अधिकाऱ्यालाही भाग पडतं. ‘बिल फार आलं आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. गळती आपलीच निघाली तर मात्र ती त्याच आठवड्यात बंद करावी. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून पहाटे गटारात जाणारं पाणी तिथून आलेलं असतं, हे मला विसरता येत नाही.

सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव जरूर मांडा. एक, दर रविवारी ठरल्या वेळी मीटरचं वाचन आणि मोटरचे तास सूचना-फलकावर लिहायचे. दुसरा, मोटरच्या पुढच्या चढत्या पाइपावर एक आणि जमल्यास प्रत्येक डाऊनटेकवर एक असे स्वतःचे छोटे मीटर बसवायचे. तीन महिन्यांनी येणाऱ्या बिलातून जे कळतं, ते यामुळे आठवड्याच्या आत कळेल.